ओल्या चादरीमागची तोडी

वरच्या मजल्यावरून ओल्या चादरीचा साबणाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं.

एव्हरशाईन सोसायटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांनी हौसेने सॅटेलाईट रेडिओ घेतला होता. त्याची पाटीएवढी अँटेना खिडकीच्या ग्रिलला बांधलेली, तोंड मोकळ्या आकाशाकडे. साध्या रेडिओवर आलाप रंगात आला की नेमक्या बातम्या नाहीतर जाहिराती यायच्या. इथे अख्खा राग ऐकायला मिळायचा, मध्ये कुणाची बडबड नाही. अडचण एकच होती. वरच्या नाईक वहिनींची ओली चादर अँटेनासमोर लोंबली की गाणं बंद. मग बाबा खिडकीतून ओरडायचे, "वहिनी, चादर!"

त्या सकाळी तोडी ऐन रंगात असताना आवाज गेला. बाबा ओरडले. वहिनी वरून वाकून म्हणाल्या, "भाऊ, आज दोरीवर काहीच नाहीये हो."

बाबा दुपारपर्यंत अँटेना फिरवत बसले. उपग्रहावरून गाणी पाठवणारी कंपनीच बंद झाली होती, हे नंतर कळलं. ज्या साध्या रेडिओला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, तो अजून बडबडतोय. बाबा मात्र पुढे गाणंच ऐकेनासे झाले.

चादरच असती तर बरं झालं असतं. ती बाजूला तरी सारता आली असती.