वळणावरची गाठ

पत्नी गेल्यावर मी सकाळचं फिरणं सोडलं होतं. एकट्यानं तो रस्ता संपेना. एके दिवशी शेजारची तरुण कानडी मुलगी फाटकाशी येऊन म्हणाली, “बन्नी, या काका, चला की!” तेव्हापासून आमच्या जयलक्ष्मीपुरम वस्तीत आम्ही रोज फिरतो.

संगणकावरचे हवामानाचे प्रोग्रॅम एकमेकांना जोडणं हे तिचं काम. एकात हवा, दुसऱ्यात समुद्र. दोन्ही एकाच वेळी चालतात आणि ठरल्या टप्प्यावर एकमेकांना आकडे देतात.

“एकदा हवेला थांबवायला विसरले, काका. नोडी, बघा, समुद्र उकळायला लागला!”

“मग गं?”

“मग काय? जो पुढे गेला त्यानं थांबायचं. समुद्र हळूहळूच येणार.”

बोलता बोलता ती भराभर पुढे निघून जाते. मात्र प्रत्येक वळणावर वाकून बुटाची नाडी बांधत बसते. एवढ्या हुशार मुलीला एक गाठ नीट मारता येऊ नये, याचं मला नवल वाटायचं.

आजही ती वळणावर तशीच वाकली होती. जवळ जाऊन पाहतो, तर पायांत अंगठ्याच्या चपला.

“बसली का गाठ?” मी विचारलं.

“बसली, काका,” मान वर न करता ती म्हणाली, आणि आम्ही निघालो.