बघायला आलेली माणसं

नेरूळमध्ये नंदिनीताईंना ओळखत नाही असा टेंपोवाला सापडणं कठीण. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालकाला भाडं वाढवायची हुक्की यायची आणि बाईंचा संसार पुन्हा टेंपोत चढायचा. लग्न होऊन चिपळूणहून आल्या त्या भाड्याच्या घरात, नवरा गेला तोही भाड्याच्या घरात. मुलगा ऋषी लहानाचा मोठा झाला, पण त्याच्या उंचीची खूण भिंतीवर करायची सोय नव्हती. डिपॉझिट कापलं जायचं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासता तपासता बाईंचे केस पिकले. आता एकच हाव उरली होती, की मरण्यापूर्वी एक तरी घर असं असावं, जिथे कुणी 'खाली करा' म्हणणार नाही.

नव्या बिल्डिंगांचे भाव ऐकून ऋषी नुसता हसायचा. मग कुणीतरी पोपटशेठचं नाव सांगितलं. हा करावे गावचा एजंट, कर्जापायी बँकांनी लिलावात काढलेले फ्लॅट लोकांना मिळवून द्यायचा. तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

"मॅडम, टेन्शनच घेऊ नका. बाजारापेक्षा स्वस्तात बसेल. फक्त आत माणसं राहतायत अजून. पण आतून बघायची व्यवस्था मी करतो, माझी जबाबदारी."

'आत माणसं राहतायत' हे नंदिनीताईंनी ऐकलं आणि कानाआड केलं. घराची भूक लागली की भलीभली माणसं पुष्कळ काही कानाआड करतात, मग त्यांनी केलं तर नवल काय?

रविवारी पोपटशेठ मायलेकांना घेऊन गेला. बेल वाजताच एक तिशीपस्तिशीचा माणूस बाहेर आला आणि त्याने मागच्या मागे दार ओढून घेतलं. हा हितेश, फ्लॅटचा मालक. त्याने हातच जोडले.

"मॅडम, आईला लिलावाचं काय माहीत नाय. डंपर घेतले, धंदा बसला, घर गेलं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? तिला सांगितलंय, रंजिताला, म्हणजे माझ्या बहिणीला, बघायला माणसं येतायत. तेवढं सांभाळून घ्या. मग घर पाहिजे तेवढं बघा."

ऋषी तिथूनच मागे फिरला होता. नंदिनीताईंनी त्याचा हात धरला. "आतून बघितल्याशिवाय घ्यायचं का घर?" त्या हळूच म्हणाल्या. "थोडा वेळ मान डोलवायची. कुणाचं काय जातंय?"

गोजराबाईंनी, हितेशच्या आईने, नवं लुगडं नेसलेलं. उभं आयुष्य दिवाळे गावच्या बंदरावर मासळी विकण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत. त्यांनी नंदिनीताईंना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. पोह्यांचा ट्रे घेऊन रंजिता आली. तिशी उलटलेली, सावळी, केसांत आईने माळलेला गजरा. तिने एकदाच वर बघितलं आणि नंदिनीताईंना कळून चुकलं की हिला सगळं ठाऊक आहे. आपल्याला नव्हे, आपल्या पायांखालच्या लाद्यांना ही माणसं बघायला आलीत, हे माहीत असून ती पोरगी साडी नेसून पोहे देत होती. नंदिनीताईंनी हातातली बशी तशीच खाली ठेवली.

"तुमी आमच्यातले नाय, हितेशनं सांगितलं मना," गोजराबाई म्हणाल्या. "आता मी ते बघत नाय. लय उशीर झाला पोरीला. बाप गेला, मंग हितेशचा धंदा, तिच्याकडं बघाला कोनाला सवडच नाय झाली. पोर सुखात पडली म्हंजे झालं."

तेवढ्यात पोपटशेठ बाथरूमचे नळ सोडून बघायला लागला आणि ऋषी भिंतीवर टिचक्या मारायला. नंदिनीताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण म्हातारी उलट खूश.

"बघा, बघा. घर बघाला लाजू नका, विहीनबाई. आमी काय लपवनारे नाय." आणि खरोखरच त्यांनी बेडरूममधलं कपाट रंजिताकडून बाजूला सरकवून घेतलं. "हितं पावसात ओल येते. लग्नाच्या अगोदर रंग काढनार हाय. मागनं बोलू नका, सांगितलं नाय म्हनून."

ऋषीने ती ओल मोबाइलमध्ये टिपून घेतली.

निघताना गोजराबाईंनी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी नंदिनीताईंच्या पिशवीत कोंबली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. काहीतरी बोलणं भाग होतं. अशा वेळी आपल्याकडे जे बोलतात तेच नंदिनीताईंच्या तोंडून गेलं. "कळवतो आम्ही."

ते सोडे त्यांनी वांग्यात घालून खाल्ले. चांगले लागले, म्हणून स्वतःचाच राग आला.

लिलावात घर त्यांनाच मिळालं. पोपटशेठ फोनवर उड्या मारत होता. "दुसऱ्या पार्ट्यांना हितेशनं दारातूनच परत पाठवलं, मॅडम! आईपुढं रोज नवीन स्थळ कुठनं आणणार? न बघता कोण जोर लावतो? आतून बघितलं ते फक्त तुम्ही!"

ज्या घरासाठी जन्म काढला, ते एका आईला फसवून पदरात पडलं होतं. नंदिनीताईंनी पेढे वाटले, पण स्वतः एकही तोंडात घातला नाही. एकदा जाऊन सांगून यावं असं रोज मनात यायचं. हितेश म्हणायचा, "मी सांगतो आईला, तुम्ही नका येऊ." तेवढ्यावर त्या सुटका मानायच्या. लोकांच्या आजाराचे रिपोर्ट न घाबरता हातात देणारी ही बाई, पण इथे मात्र तिची जीभ उचलली नाही.

ताबा घ्यायच्या दिवशी बँकेचा माणूस आणि पोपटशेठ बरोबर होते. खाली सामानाने भरलेला टेंपो उभा होता आणि हितेश दोऱ्या आवळत होता. वर घर रिकामं. रंजिता चावी घेऊन दाराशी उभी, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत गोजराबाई. नंदिनीताईंना बघताच त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि तोंडभर हसल्या.

"आल्या गं, रंजिता! मी म्हनलं नव्हतं, कळवतील म्हनून? या, या. रंग काढाचा हाय म्हनून सामान हलवलंय, बसाला काय नाय बघा."

हितेशने काहीच सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं ते आणखी एक खोटं.

बँकेच्या माणसाला यातलं काय माहीत? "आजी, हे घर आता या मॅडमचं. यांनी लिलावात घेतलंय. चावी द्या आणि मोकळं करा."

गोजराबाई आधी त्याच्याकडे, मग मुलीकडे आणि मग कितीतरी वेळ नंदिनीताईंकडे बघत राहिल्या. रडतील, तळतळाट देतील, अशी वाट बघत नंदिनीताई मान खाली घालून उभ्या होत्या. पण घराबद्दल म्हातारीने चकार शब्द काढला नाही.

"म्हंजे त्या दिशी तुमी घर बघाला आलेल्या?" त्या म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "मंग माज्या पोरीला बघाला कोनीच आलं नव्हतं?"

नंदिनीताई पुढे झाल्या आणि त्यांनी म्हातारीचा हात धरला. "मुलगी तुमची गुणाची आहे हो. देवाशपथ सांगते, कुणालाही आवडेल अशी..."

गोजराबाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या लिफ्टकडे चालू लागल्या.

रंजिताने चावी नंदिनीताईंच्या हातावर ठेवली. "आता नका बोलू, मावशी," ती म्हणाली, आणि आईच्या मागोमाग गेली.