तारेखालचा तळ

माळशिरसच्या माळावर केराबाईसारखी धनगरीण दुसरी झाली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. लांडगा असो की फौजदार, ती कुणापुढं दबली नाही. भ्यायली ती यंदा, आणि तेही दात-नखं नसलेल्या गोष्टीला.

खतासाठी श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात तिची मेंढरं बसली होती. वावरावरून विजेच्या मोठ्या लाइनीच्या तारा गेलेल्या. दिवस कलला की त्या घुमायच्या, आभाळाच्या पोटात कुणी कण्हावं तशा. लांडगे मेंढरांभोवतीची दोरीची जाळी, वाघर, तोडतात म्हणून तिच्या लेकानं, धुळानं, यंदा लोखंडी तार आणली आणि वाळक्या बाभळीच्या मेखांवर, लाइनीखालूनच, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली.

सांजेला एक कोकरू त्या तारेला लागलं आणि ओरडून उलटं पडलं. केराबाईनं हात लावला, तर बोटांत इंगळी डसल्यागत झालं. तार तर कशालाच जोडलेली नव्हती.

"हवंतनं करंट उतरतोय," श्रीमंत बांधावरून म्हणाला. "अशानं गाभण मेंढ्या गाभ टाकत्यात म्हनं. आन् तुजी सून तर पोटुशी. बग बाई."

"तुज्या तोंडाला कुलूप न्हाय का रं?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

सून पूनम मागंच उभी होती. बारावी सायन्स झालेली.

"आत्या, लई वर्सांमागं परदेशात एका इंजिनेराला वाटलं, तारंबिगर साऱ्या जगाला वीज द्यावी. मोठा मनोरा उभारला. न्हाय जमलं. लांब जाईल तशी ती पांगती, इरून जाती."

"मग ही कुटनं आली?"

"ही डोक्यावरचीच की. आपली तार तिच्याखाली लांबच लांब, आन् कोरड्या लाकडावर अधांतरी. जमिनीत वाट दिली की उतरंल."

"आन् पोटातल्या जिवाचं?"

पूनमनं पदर पोटावर ओढला. "त्ये मला न्हाय ठावं. दवाखान्यात इचारू."

धुळानं पाटाच्या चिखलात पहार ठोकली. तिला तारेचा तुकडा गुंडाळला आणि दुसरं टोक वाळक्या काठीनं कुंपणाकडं सरकवलं. चट्! निळी ठिणगी उडाली, टोक तारेत अडकलं. मेंढरं एका अंगाला दबली.

"आता बगते," म्हणत पूनम पुढं झाली.

केराबाईनं तिला मागं लोटलं. "सर माघारी! तू एकली हाईस व्हय?"

डोळे मिटून तिनं पंजा तारेवर टेकवला. गार लोखंड. बाकी काही नाही.

"गेला का, आत्या?"

"गेला." वर लाइन कण्हतच होती. "धुळा, हिचं अंथरूण उचल. श्रीमंताच्या पडवीत ने."

"अवो आत्या, करंट गेला की!"

"व्हय. माजं भ्या न्हाय गेलं. जा."

दोघं ढेकळांतून हळूहळू निघाली. ती लाइनीखालून पार बाहेर पडेपर्यंत केराबाईनं तारेवरचा हात काढला नाही.