उतारावरची पिकअप

थोरला भाऊ, मुरलीदादा, गेल्याचा निरोप मला मेहकरच्या शाळेत शिकवताना, चालू तासाला मिळाला. खामगावच्या बाजारात वांगी उतरवून झाली, दादा पोत्याला टेकून बसला आणि मग उठलाच नाही, एवढंच निरोप आणणाऱ्याला ठाऊक होतं. पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. माणसं येत होती, तेच तेच विचारत होती, आणि मी तेच तेच सांगत होतो. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा थकवाच जास्त होता. सगळं उरकल्यावर कुणीतरी म्हणालं, गाडी अजून खामगावलाच आहे, ती आणा आता.

गाडी बाजारामागच्या उतारावर तोंड खाली करून उभी होती, पुढच्या चाकाला दगड लावलेला. मी बसलो, किल्ली फिरवली, स्टार्टर दाबला. टक्... एवढाच आवाज. पुन्हा दाबला, पुन्हा टक्. या आवाजाशी आमच्या घराची जुनी ओळख. मी खाली उतरलो, दगड काढला, पुन्हा आत बसून हँडब्रेक सोडला, गाडी घरंगळू दिली आणि दुसरा गियर टाकून क्लच सोडला. एक गचका देऊन ती सुरू झाली. गाडी उतारावर लावायची सवय दादाची. तो गेल्यावरही ती माझ्या कामी आली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मी पहिल्यांदा रडलो.

ही पिकअप दादाने जुनीच घेतली होती. आमचा भाजीपाला बैलगाडीने मेहकरपुढे जात नसे. पिकअपमुळे तो खामगावला, कधी मलकापूरला जाऊ लागला. मायला मात्र गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. बैल कसे दिवेलागणीला घरी येतात, ही बया माझ्या पोराला पहाटे नेते ती जेवणं झाल्यावर आणते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. शेवटी तिने एक अट घातली. दर अमावास्येला गाडीची पूजा झाली पाहिजे, आणि तीही तिच्याच हातची. मिस्त्रीने तिला कधीतरी बॉनेट उघडून दाखवलं होतं, की बाई, ही बॅटरी म्हणजे गाडीचा जीव. झालं! तेव्हापासून मायची हळद-कुंकू, फुलं आणि नारळाचं पाणी बॅटरीवरच.

पूजा सुरू झाली त्याच हिवाळ्यात गाडी टक् करू लागली. दादा यंत्रातला जाणकार नव्हता, पण चिकाटी दांडगी. दिवे लावून बघितले तर छान उजेड; स्टार्टर दाबला की तेच दिवे मलूल व्हायचे. कुणी म्हणालं बॅटरी बसली, म्हणून ती भरून आणली. मिस्त्री म्हणाला स्टार्टर गेला. तो खोलून खामगावला नेला, तिथे तो गरगर फिरला. घरी आणून बसवला की पुन्हा टक्. भाजी हौद्यात सुकायची आणि अर्धं गाव धक्का मारायला यायचं. मुरलीची गाडी बैलाऐवजी माणसं जुंपते, अशी थट्टाही व्हायची. बाजारातले अडते, ही गाडी वेळेवर येईलच असं नाही, म्हणून दुसऱ्यांचा माल आधी धरू लागले. दादाचं हसू तेव्हा जरा कमी झालं होतं.

एका सकाळी त्याने मला हाक मारली. बॅटरीच्या टोकावरचा हळदी-कुंकवाचा थर त्याने नखाने खरवडला होता. खाली वायरीचा चिमटा होता, आणि चिमट्याखाली हिरवट-पांढरी भुकटी. त्या किटणातून वीज पुढे जायची ती दिव्यापुरतीच, स्टार्टर फिरवण्याइतकी नाही. आम्ही गरम पाण्यात खायचा सोडा घालून टोकं धुतली, चिमटा आवळला, आणि गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली. मी लगेच म्हणालो, चल, मायला सांगू, पूजा चाकाची करत जा म्हणावं. दादाने मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं.

"मायले काही सांगू नको बे," तो म्हणाला. "तिले वाटन, माह्याच हातानं पोराची गाडी बंद पडली. मी धूत जाईन."

आणि तो धूत राहिला. दर अमावास्येला पूजा झाली की माय आत जायची, दादा गरम पाणी घेऊन गाडीपाशी बसायचा. तरी कधी राहून गेलंच तर पंचाईत नको, म्हणून गाडी कायम उतारावर. लोकांच्या लेखी ती खटाराच राहिली. त्याने कुणाला कारण सांगितलं नाही.

परवा अमावास्या होती. मी एसटीने गावी गेलो, दुपारच्या गाडीने परतायच्या बेताने. आता कसली पूजा, असं मला वाटत होतं. पण माय ताट घेऊन निघालीच. नारळाचं पाणी निम्मं बॉनेटवरच सांडलं. ती आत गेल्यावर मी चुलीपाशी गेलो, तर तिथे पाण्याचं पातेलं आधीच ठेवलेलं.

"तापलं हाये ते," माय म्हणाली. "सोडा फळीवर हाये."

मी सोड्याचा डबा काढून तिच्याकडे वळलो.

"मले ठाऊक व्हतं रे. तुम्ही गोठ्यामागं बोलले तवाच आयकलं." ती उंबऱ्यावर बसली. "पण धुवाच्या निमतानं तो घडीभर दारात बसे... एरवी कुठी सापडे मले तो? मागच्या अमावास्येले नाही बसला. घाई हाय म्हणे, निंघून गेला."

मी पातेलं उचलून बाहेर आलो, बॉनेट उघडलं आणि टोकं धुवायला घेतली. माय उंबऱ्यावरून बघत होती. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबून पुन्हा वाजला. टोकं केव्हाच स्वच्छ झाली होती. मी ती पुसत बसलो.