रॉइस पेल्कीने न घेतलेलं घर

लोकांच्या आनंदाच्या दिवशी जाऊन त्यांना घरातली कुजकी लाकडं दाखवायची, हा रॉइस पेल्कीचा धंदा होता. व्हरमाँटच्या आमच्या या वरच्या कोपऱ्यात घर विकत घ्यायचं म्हटलं की आधी रॉइसला बोलवायचं. मग तो बॅटरी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळघरात उतरायचा, छपरावर चढायचा, संडासाच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचा आणि दोषांची यादी लिहून द्यायचा. घर घ्या किंवा घेऊ नका, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. ते या धंद्यात बसत नाही. माणूस सचोटीचा. त्याच्या नजरेतून काही निसटलं, असं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि या माणसाला स्वतःसाठी घर घ्यायचं होतं!

खरं म्हणजे ते हवं होतं नोरीनला, त्याच्या बायकोला. ती गिरणीच्या गावात, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्नानंतर दोघं एका लाँड्रीच्या वर राहायला आली, तिथे दिवसभर पायाखालची जमीन यंत्रांनी थरथरायची. नोरीनला चार-पाच एकर जमीन, भाजीचे वाफे आणि सहा मेंढ्या हव्या होत्या. सहाच का, तर शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून तेवढ्याच जमतील, असं तिचं ठरलेलं. दर जानेवारीत बाहेर कमरेएवढा बर्फ असताना बियाण्यांची रंगीत पुस्तकं टपालाने यायची. ती पुस्तकं घेऊन नोरीन खिडकीशी बसायची आणि नसलेल्या जमिनीत कुठे काय लावायचं ते पेन्सिलीने आखायची. मूलबाळ नव्हतं. दुसरा काही हट्ट तिने आयुष्यात केला नाही.

दर रविवारी चर्च सुटलं की दोघं पिकअप काढून घरं बघायला निघायची. अकरा वर्षांत तीसेक घरं पाहिली असतील. एकाच्या विहिरीला गंधक, एकाची चिमणी कललेली, एकाचं तळघर वसंतात भरणारं. एकदा सगळं मनासारखं जुळलं, तर रॉइसने पावसात उभं राहून अंगणातलं पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते तासभर पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. नोरीनचा भाऊ ड्वाइट तोंडाचा फटकळ. नाताळच्या जेवणाला भर पंगतीत म्हणाला, "काय रे रॉइस, आमच्या नोरीनला लग्नाआधी कुठे कुठे टोचून पाहिलं होतंस?"

सगळे हसले. रॉइसही हसला. नोरीन म्हणाली, "तेव्हा त्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर नव्हता, म्हणून निभावलं माझं."

मग बाराव्या वर्षी, ऑक्टोबरात, हेझल बिकफर्ड या म्हाताऱ्या बाईंचं घर विकायला निघालं. टेकडीच्या कुशीत, मागे मेपलची झाडं, सहा एकर उतार आणि कोपऱ्यात एक लहानसा गोठा. भावही वाजवी. बिकफर्डबाईंनी कॉफी दिली, सफरचंदाचा केक कापला आणि नोरीनला घेऊन जमिनीवरून हिंडून आल्या. आल्यावर नोरीन गालिच्यावर बूट झटकत म्हणाली, "वाईट नाही."

आमच्याकडे कौतुकाची रीत कंजूष आहे. लग्नाच्या जेवणाला 'वाईट नाही' म्हणतात, नव्या बाळालाही 'वाईट नाही' म्हणतात आणि बाळाची आई ते ऐकून फुलते. पण त्या अकरा वर्षांत, एवढ्या घरांत, नोरीनने हे दोन शब्द एकदाही काढले नव्हते. रॉइसला ते कळलं. कळलं नाही असं तो पुढे कधीच म्हणू शकला नाही.

तरी तो तळघरात उतरलाच. पायावरच्या आडव्या तुळईत, ईशान्येच्या कोपऱ्यात, त्याने स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तर तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

"बाई, तुमची तुळई कुजली आहे," वर येऊन तो म्हणाला.

"असेल," बिकफर्डबाई म्हणाल्या. "मीही कुजलेच आहे की. अजून उभी आहे ना?"

"एक हिवाळा जाऊ दे. छपरावर बर्फाचं ओझं आलं की ती कशी वागते ते कळेल. वसंतात बोलू."

"वसंतापर्यंत मला मुलीकडे जायचंय हो. ही तुझी बायको इथे मेंढ्या ठेवील म्हणते. मला तिलाच द्यायचंय."

रॉइसने नोरीनकडे पाहिलं. नोरीन खिडकीतून गोठ्याकडे बघत होती. "तू सांगशील तसं," ती म्हणाली.

त्याने सांगितलं, थांबू या. नोव्हेंबरात ते घर कनेटिकटहून आलेल्या दोन शिक्षकांनी घेतलं. नवरा-बायकोंनी तळघराचं दारसुद्धा उघडून बघितलं नाही, असं गावात बोललं गेलं. रॉइस म्हणाला, "पस्तावतील."

त्यानंतर रविवारची घरं बघणं हळूहळू बंद पडलं, कधी बर्फाचं निमित्त तर कधी कामाचं. पुढे लाँड्रीची इमारत पाडली, तेव्हा रॉइसने गावातच एक घर घेतलं. नवंकोरं, सिमेंटच्या ओट्यावर, तळघर नाही, दोष नाही. पुढचं गवत कापायला वीस मिनिटं पुरतात. जानेवारीत पुस्तकं येतच राहिली, पण नोरीन ती न उघडता शाळेच्या मुलांना चित्रं कापायला द्यायची.

बिकफर्डबाईंच्या घरानंतर एकोणीस वर्षांनी रॉइसला एका तरुण जोडप्याचा फोन आला. घर तपासायचं होतं. पत्ता बिकफर्डबाईंच्याच घराचा होता.

शिक्षक आता निवृत्त होऊन उबदार मुलखाला निघाले होते. रॉइस तळघरात उतरला आणि सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात गेला. तुळई तशीच होती. त्यात त्याने पाडलेलं भोकही तसंच होतं. त्याने आजूबाजूला टोचून पाहिलं. मूठभर जागा सोडली तर बाकीचं लाकूड टणक होतं. एकोणीस हिवाळ्यांचा बर्फ पेलून घर केसभरही खचलं नव्हतं.

वर येऊन त्याने शिक्षकांना विचारलं, "खालच्या तुळईचं काम कधी केलंत?"

"कसली तुळई?" ते म्हणाले.

तरुण जोडपं अंगणात उभं होतं. मुलीच्या हातात त्याची यादी होती आणि ती वाचता वाचता तिचा चेहरा उतरत चालला होता. "मिस्टर पेल्की, तुम्ही आमच्या जागी असतात तर घेतलं असतंत का हो?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे तो तीस वर्षं पाळत आला होता.

"घ्या," तो म्हणाला. "आजच घ्या."

संध्याकाळी जेवताना त्याने नोरीनला सगळं सांगितलं. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यापासून ती टेबलाशी जरा तिरकी बसायची. मांसाचा तुकडा कापता कापता ती ऐकत राहिली.

"मी चुकलो, नोरीन," तो म्हणाला. हेही त्याने कधी म्हटलं नव्हतं.

तिने सुरी खाली ठेवली. "म्हातारीने फोन केला होता."

"कोणी? बिकफर्डबाईंनी? कधी?"

"ते शिक्षक सही करायला बसले होते तेव्हा. म्हणाली, पोरी, तू एकदा हो म्हण, मी यांना कॉफी पाजून वाटेला लावते."

"मग?"

"म्हटलं, त्यांनाच द्या."

"आणि मी कुठे होतो?"

"शेजारच्या खोलीत. कुणाची तरी यादी टाइप करत होतास."

"अगं, मग एक हाक मारायचीस ना! एक!"

"तोंडापर्यंत आली होती." नोरीन त्याच्याकडे बघत होती. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "पण तू बाहेर येऊन काय म्हणशील ते मला पाठ होतं, रॉइस. ते आणखी एकदा ऐकण्यापेक्षा घर गेलेलं परवडलं मला."

'मी हो म्हटलं असतं,' हे त्याच्या जिभेवर आलं. तिला ते हवं होतं, त्याला दिसत होतं. त्याने तो दिवस, ती खोली, तो टाइपरायटर सगळं आठवून पाहिलं, मनातल्या मनात दारात येऊन उभा राहिला आणि स्वतःला हो म्हणताना ऐकायचा प्रयत्न केला. पण उभ्या आयुष्यात तो खोटं बोलला नव्हता, आणि आताही त्याला ते जमलं नाही.

नोरीनने थोडा वेळ वाट पाहिली. मग उरलेले बटाटे त्याच्या ताटात वाढले आणि टेबलाला धरून सावकाश उठली.