वकिलांचा पलंग

दुकानात एकशे चाळीस नग होते आणि नंबर एकालाही नव्हता. सगळ्यांना नावं होती.

नावं अण्णांनी ठेवलेली. अण्णा म्हणजे तिचे सासरे. फर्निचर भाड्याने द्यायचं हे दुकान त्यांनीच काढलं आणि पहिल्या दिवसापासून त्यांची एकच पद्धत. जो माणूस एखादी वस्तू सगळ्यात आधी नेईल, त्याच्या नावाने ती जन्मभर ओळखायची. मास्तरांचं कपाट. नर्सबाईंची खुर्ची. भांडकुदळ जोडप्याचा सोफा. मास्तर निवृत्त होऊन दुसरीकडे राहायला गेले, कपाट अजून मास्तरांचंच. जोडप्याचा घटस्फोट झाला. सोफा मजेत आहे.

मागच्या वर्षी तिने पांढरा ऑइलपेंट आणून प्रत्येक नगाच्या पाठीवर नंबर टाकले. दोन दिवस वाकून कमरेचा काटा ढिला झाला. आठवड्याभरात अण्णांनी पॉलिशपेपरने ते एकेक करून घासून काढले.

"लाकूड काय कैदी आहे, नंबर द्यायला?" ते म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पेपरात डोकं घातलं. आपण दुकानात लक्ष घालायचं नाही, हे त्याने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आज एक उंच पलंग चारच्या आत पोचवायचा होता. मागच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते चार वाजता घरी येणार होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, खाली बसू द्यायचं नाही, बुटक्या पलंगावर तर मुळीच नाही. दुकानात उंच पायांचा पलंग एकच. बारा वर्षांपूर्वी एका वकिलांनी आपल्या आईसाठी नेलेला. तेव्हापासून तो वकिलांचा पलंग.

सकाळी ती फोनवर अडकली होती, म्हणून टेम्पोची चिठ्ठी अण्णांनी लिहिली. त्यांच्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: 'वकिलांचा पलंग, चारच्या आत.' आणि ते आंघोळीला गेले.

सव्वादोनला पोस्टमनकाकूंचा फोन आला.

"निघाला का गं पलंग? मी खोली झाडून बसलेय."

"काकू, तो सकाळीच पोचवला की."

"कुठे?"

तेवढ्यात तिचा दीर शीळ घालत आत आला, टेम्पोची किल्ली बोटावर फिरवत.

"भाऊजी, पलंग कुठे टाकलात?"

"वकिलांकडे. तिसरा मजला. लिफ्ट बंद. खांदे गेले माझे, वहिनी."

"वकिलांनी मागवला होता?"

"चिठ्ठीत होतं ना. वकिलांचा पलंग."

"आणि तिथे कुणी काही विचारलं नाही?"

"वकिलीणबाईंनी विचारलं, कुणाचा. मी म्हटलं, वकिलांचा. त्यांनी चहा दिला."

अण्णा जेवून टॉवेलने हात पुसत आले. काय झालं ते त्यांनी ऐकलं.

"पण हे तर सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले, "की वकिलांचा पलंग म्हणजे वकिलांकडे नेण्याचा पलंग नव्हे."

"कुणाला ठाऊक आहे, अण्णा?"

"मला."

तिने पान्यांचा डबा उचलला आणि टेम्पोत जाऊन बसली.

वकिलीणबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. आतल्या खोलीत पलंग भिंतीला लावलेला. त्यावर नवी कोरी चादर, चार कोपरे ताणून खोचलेले. त्या पटकन जाऊन त्यावर बसल्या आणि तशाच सहज उठल्या. पुन्हा बसल्या.

"बघितलंस? गुडघा कळतसुद्धा नाही. दोन वर्षं सांगतेय यांना, मला उंच पलंग पाहिजे. हो हो म्हणतात आणि कोर्टात जातात. शेवटी सुचलं बाई. बोललेसुद्धा नाहीत, गुपचूप पाठवला."

भाऊजी चपला शोधू लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

घड्याळात तीनला दहा कमी होते. तिने मनातल्या मनात अण्णांचा उद्धार केला आणि तोंडाने खरं ते सांगितलं. वकिलांनी पाठवलेला नाही. चुकून आलाय. पोस्टमनकाका गाडीतून येताहेत आणि त्यांना आडवं व्हायला जागा नाही.

वकिलीणबाई उठल्या आणि चादरीचे चारही कोपरे स्वतः सोडवले. घडी घातली. घडी नीट आली नाही, म्हणून परत उलगडून घातली.

"यांना सांगायला नको," त्या म्हणाल्या. "आला होता हेच त्यांना माहीत नाही."

"असा दुसरा करून घेते मी. सगळ्यात आधी तुम्हालाच."

"घे. पण त्याला वकिलांचा म्हणायचं नाही. माझा म्हणायचं."

नावांचा इतका वैताग असलेली ती, मान डोलावून मोकळी झाली.

पाने लावून पलंग सुटा करायला वीस मिनिटं गेली. एक बोल्ट कपाटाखाली घरंगळला. भाऊजी पालथे पडून तो काढत असताना ती जिन्यात उशाकडची फळी धरून उभी होती आणि नवऱ्याला, लग्न जमवणाऱ्या मावशीला, ऑइलपेंटच्या कंपनीला, सगळ्यांना शिव्या घालत होती.

चारला पाच मिनिटं असताना ते पोस्टमनकाकांच्या दारात पोचले. अँब्युलन्स आधीच आली होती. काका गाडीतच स्ट्रेचरवर पडून छताकडे बघत होते. घरात ती आणि भाऊजी बोल्ट आवळत होते, बाहेर अण्णा काकांना सगळी हकीकत रंगवून सांगत होते. अण्णा चालत येऊन केव्हा पोचले, कुणाला कळलं नाही.

काकांना चौघांनी अलगद पलंगावर घेतलं. उंची अगदी बरोबर होती. काकांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, आणि डोळे न उघडताच बोलले.

"अण्णा, पस्तीस वर्षं मी टपाल वाटलं. तुम्ही पाठवणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या जागी लिहिता. पत्र परत पाठवणाऱ्याकडेच जाणार, दुसरं काय होणार?"

अण्णांनी कान पकडला. हे तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"दोन रकाने करा," काका म्हणाले. "काय न्यायचं. कुणाकडे न्यायचं."

त्याच संध्याकाळी तिने दुकानात बसून पट्टीने रेघा मारल्या. पन्नास चिठ्ठ्या, दोन-दोन रकाने. अण्णांनी एक चिठ्ठी उजेडात धरून पाहिली आणि चक्क चांगली आहे म्हणाले. तिला जरा हलकं वाटलं.

सकाळी ती दुकानात आली तेव्हा पहिली चिठ्ठी भरून टेम्पोच्या किल्लीखाली ठेवलेली होती. अण्णांचं अक्षर. काय न्यायचं: मास्तरांचं कपाट. कुणाकडे न्यायचं: सूनबाईला माहीत आहे.