कुत्र्याचं घर विचारणारी

आमच्या वाडीत येणारी मासेवाली कुत्र्याची जात कधी विचारत नाही. घरात भांडणं होतात काय, ते विचारते. शेजाऱ्यांच्या काळ्या रॉटवायलरला सगळी वाडी घाबरते. ही त्याच्या नाकासमोर टोपली उतरवून खुशाल बांगडे विकते.

काल माझ्या गावठी कुत्र्यानेच तिची साडी फाडली. माझ्या बायकोने लाडाने वाढवलेला गरीब कुत्रा तो! मला वाटलं, संपलं, आता ही दारात यायची नाही. दिवसभरात दुसरं कोण बोलतंय माझ्याशी?

ती मात्र फाटका काठ हातात धरून खदखदून हसली. “काका, काकी गेल्यापासून येईल त्याच्यावर तुम्ही खेकसताय. तो तेच शिकला!”

मलाही हसू आवरेना. “उद्या येशील ना गो?”

“येणार तर! दोघांनाही माणसाळवायचंय.”